मन वळवणारं एक मिनिट

लोणारचं विवर १.८३ किलोमीटर रुंद आहे आणि काठापासून सुमारे १५० मीटर खोल. काळ्या बेसाल्टचा एवढा कातळ उचकटून बाहेर फेकायला अशनीला लागलेला वेळ सेकंदांतच मोजावा लागतो. कडे ढासळायला, धुरळा खाली बसायला वेळ लागला असेल, पण मुख्य काम मिनिटाच्या आत उरकलं होतं. मिनिटभरात घडलेली गोष्ट हजारो वर्षं टिकते, याचा एवढा भव्य पुरावा ज्या गावाला लाभलाय, त्या गावातल्या मुलांना मिनिटभराचा व्हिडिओ नीट करायला शिकवावं, असं मला मनापासून वाटतं. रील तर ती करतातच. मी म्हणतो तो व्हिडिओ वेगळा: तो पाहून समोरच्याचं मत बदललं पाहिजे, आणि मत बदलल्यावर त्याने काहीतरी केलंही पाहिजे.

ही विद्या आपल्याकडे नवी नाही. भारतीय चित्रपटाचा पायाच मुळी अशा एका चिमुकल्या फिल्मने घातला आणि ती आपल्याच मराठी माणसाने केली होती. १९१२ साली दादासाहेब फाळके लंडनहून कॅमेरा घेऊन परतले. डोक्यात चित्रपट होता, हातात पैसा नव्हता, आणि ज्यांच्याकडे पैसा होता त्यांना हे वेड पटत नव्हतं. फाळक्यांनी त्यांना भाषण दिलं नाही. एका कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा रोवला आणि रोज थोडं थोडं चित्रण करत महिनाभराहून जास्त काळ त्या रोपाचा पिच्छा पुरवला. मग निवडक मंडळींना बोलावून फिल्म दाखवली. बी फुटलं, कोंब वर आला, पानं उलगडली, वेल चढू लागला, आणि हे सगळं बसल्या जागी, डोळ्यांदेखत. ‘अंकुराची वाढ’ असं त्या फिल्मचं नाव. ती पाहून यशवंतराव नाडकर्णी यांनी कर्ज द्यायची तयारी दाखवली आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला.

या गोष्टीतलं मर्म मुलांच्या हाती द्यायचं तर तिचं गणित करायला लावावं. फाळके रोज एकच चौकट टिपत होते, असं सांगतात, आणि फिल्म मिनिटभराची होती, असंही सांगतात. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण १६ चौकटी पडद्यावरून सरकत. काळ ३० दिवसांचा धरला तर ३० चौकटी, म्हणजे दोन सेकंदसुद्धा भरत नाहीत. मिनिट भरायला ९६० चौकटी हव्यात, म्हणजे दिवसाला ३२. दोन्ही कहाण्या एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. आठवीतला मुलगा फळ्यावर हा भागाकार करतो तेव्हा दोन गोष्टी एकदम शिकतो. चलच्चित्र म्हणजे स्थिर चित्रांची रांग असते, आणि प्रसिद्ध गोष्टसुद्धा तपासून घ्यायची असते.

आता तोच भागाकार लोणारला लावून पाहा. काठावरचा एक पक्का दगड ठरवायचा, त्यावर फोन रोज त्याच खुणेला टेकवायचा आणि रोज एक फोटो काढायचा. वर्षाला ३६५. सेकंदाला २५ या गतीने ते पळवले तर १४.६ सेकंदांत विवरातल्या सरोवराचं अख्खं वर्ष डोळ्यांसमोरून जातं. उन्हाळ्यात पाणी मागे हटतं, उघडा पडलेला काठ पांढरट दिसू लागतो, पावसाळ्यात झाडी हिरवी होते, पाणी पुन्हा पुढे येतं. काठावर जन्म गेलेल्या माणसालाही हे दृश्य कधी दिसलेलं नसतं, कारण आपला डोळा इतक्या संथ हालचालीला आंधळा आहे. कॅमेऱ्याची खरी जादू मला इथे दिसते. जे आहे पण दिसत नाही, ते तो दिसण्याच्या वेगात आणतो. फाळक्यांच्या प्रेक्षकांनी वाटाण्याचा वेल काय पाहिला नव्हता? त्यांनी वाढ पाहिली नव्हती.

सगळ्याच न दिसणाऱ्या गोष्टी संथ नसतात. काही नुसत्या लपलेल्या असतात, आणि त्यातली लोणारची सर्वांत सुंदर गोष्ट स्वयंपाकघरातल्या हळदीने उघड करता येते. सरोवराचं पाणी खारं तर आहेच, पण ते कमालीचं अल्कधर्मी आहे. त्याचा सामू १०च्या आसपास असतो. आणि याच विवराच्या उतारावर गोमुखातून बारमाही गोड्या पाण्याची धार पडते. दोन्ही पाणी बाटलीत भरलं तर नुसत्या नजरेने फरक सांगणं अवघड. आता हळद पाण्यात कालवून कागदाच्या पट्टीला लावा आणि पट्टी सुकवा. धारेच्या पाण्यात ती पिवळीच राहते. सरोवराच्या पाण्यात बुडवली की लालसर तांबूस होते. हळदीतलं कुरकुमिन अल्कधर्मी पाण्यात स्वतःजवळचा हायड्रोजनचा कण सोडून देतं, त्याच्या रेणूची प्रकाश शोषण्याची पद्धत बदलते आणि रंग पालटतो. शाळेच्या विज्ञानात हा प्रयोग साबणाच्या पाण्यावर करतात. लोणारच्या मुलांकडे त्यासाठी आख्खं सरोवर आहे. मात्र ते अभयारण्य आहे, तेव्हा पाणी घ्यायचं ते वनखात्याला विचारून आणि शिक्षक सोबत असताना.

ही पट्टी लाल होताना घेतलेलं पाच सेकंदांचं चित्र मला ड्रोनने टिपलेल्या सगळ्या नयनरम्य दृश्यांपेक्षा मोलाचं वाटतं. फोन उभा धरला तर पावणेदोन किलोमीटरांहून रुंद विवर त्यात मावतच नाही. मावायला हवंच असंही नाही. लालीचा तो ठिपका दिसला की पुढचं वाक्य ऐकायला माणूस थांबतो: ही लाली दाखवते त्या अल्कधर्मी पाण्यावरच इथले सूक्ष्मजीव जगतात, आणि वरून सांडपाणी, शेतातलं खत उतरत राहिलं तर हा अल्कधर्मीपणा कमी होत जाणार. सांडपाणी हे लोणारचं जुनं दुखणं. त्यावर कागद पुष्कळ लिहिले गेले. हळदीची पट्टी कुणी दाखवली तर ते अर्ध्या मिनिटात कळेल.

जगाला लोणार पटलं तेही असंच. १८२३ साली अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या विवराची नोंद केली. त्यानंतर दीडशे वर्षं हा खड्डा ज्वालामुखीचा की अशनीचा, हा वाद चालूच होता. चहूकडे ज्वालामुखीचाच खडक, मग शंका येणारच. अखेर १९७३ साली भारतीय आणि अमेरिकन संशोधकांनी विवरातल्या खडकात मॅस्केलिनाइट सापडल्याचं ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडलं. प्रचंड धक्क्याच्या दाबाखाली फेल्डस्पारची काच होते, तिला हे नाव आहे. ज्वालामुखीला तो दाब जमत नाही. बोटभर दगडाने वादाचं पारडं फिरवलं.

दृश्य मिळालं, आता ते कशाशेजारी ठेवायचं हा प्रश्न. सुमारे १०० वर्षांपूर्वी लेव कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकाने एका नटाचा निर्विकार चेहरा घेतला आणि तोच तुकडा कधी सूपच्या थाळीशेजारी, कधी शवपेटीशेजारी, कधी एका स्त्रीच्या चित्राशेजारी जोडला. प्रेक्षकांना त्या एकाच चेहऱ्यावर भूक दिसली, शोक दिसला, ओढ दिसली. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. दोन चित्रांच्या सांध्यातला अर्थ पाहणाऱ्यानेच भरला होता. वर्गात हे करायला दहा मिनिटं पुरतात. एका मैत्रिणीचा साधा चेहरा शूट करा. त्याच्यापुढे एकदा लोणारच्या दैत्यसूदन मंदिराचं कोरीवकाम जोडा, एकदा यात्रेनंतर पडलेल्या प्लास्टिकचा ढीग. मुलं किंचाळतात, कारण आपण काल रात्री पाहिलेल्या प्रत्येक व्हिडिओने आपल्याशी हेच केलं होतं, हे त्यांच्या लक्षात येतं. मन वळवायला शिकवताना मन कसं वळवलं जातं हेही शिकवून होतं. माझ्या मते या विषयाचं अर्धं मोल तिथेच वसूल होतं.

बोलायचं कसं, याचा गुरू मात्र रशियात शोधायला नको. गाडगेबाबा आपल्या वऱ्हाडातलेच, १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेले. दिवसा खराट्याने गाव झाडायचं आणि रात्री त्याच गावात कीर्तनाला उभं राहायचं, ही त्यांची रीत. कीर्तनात ते उपदेशाची विधानं क्वचितच करत. ते प्रश्न विचारत, आणि उत्तर हजारोंच्या तोंडून यायचं. माणूस दुसऱ्याने सांगितलेलं विसरतो, स्वतःच्या तोंडून निघालेलं सहसा विसरत नाही. मुलांच्या व्हिडिओत ‘सरोवर वाचवा’ हे वाक्य आलं की मी ते खोडायला लावीन. त्याऐवजी धारेजवळच्या पायरीवर बसलेल्या आजीला विचारा, ‘आजी, तुमच्या लहानपणी पाणी कुठपर्यंत होतं?’ आजी हात करून दाखवेल. कॅमेरा तिच्या बोटामागे जाईल. तुम्हाला पुढे काही बोलावंच लागणार नाही.

आजी एकच का, दहा का नकोत? २००७ साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतला एक प्रयोग आहे. लोकांच्या हाती प्रत्येकी पाच डॉलर देऊन आफ्रिकेतल्या उपासमारीसाठी दान मागितलं. लाखो भुकेल्यांची आकडेवारी वाचलेल्यांनी सरासरी १.१४ डॉलर दिले. माली देशातल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या एका मुलीबद्दल वाचलेल्यांनी २.३८ दिले. आता मुलगी आणि आकडे दोन्ही एकत्र दिले तर दान आणखी वाढावं ना? ते १.४३ वर घसरलं. आकड्यांनी त्या मुलीला झाकून टाकलं. हे वाचून मी बराच वेळ अस्वस्थ होतो, कारण आपली शाळेतली भाषणं, निबंध, घोषणाफलक सगळे आकड्यांनी सुरू होतात.

आणि तो एक चेहरा ओळखीचा असला तर जोर आणखी वाढतो. २००६ साली बंगळूरमध्ये ‘डिजिटल ग्रीन’ नावाचा उपक्रम सुरू झाला. गावातल्याच शेतकऱ्यांचे छोटे व्हिडिओ करून ते शेजारच्या शेतकऱ्यांना दाखवायचे, एवढाच त्याचा गाभा. १६ गावांत १३ महिने केलेल्या चाचणीत नव्या पद्धती उचलणाऱ्यांचं प्रमाण नेहमीच्या कृषिविस्ताराच्या सातपट निघालं. पाहणारे शेतकरी आधी विचारायचे, हा कोण, कोणत्या गावचा? आपल्यासारखाच आहे म्हटल्यावर मग ऐकायचे. लोणारच्या माणसाला पटवायला लोणारचीच मुलगी हवी, तिच्याच बोलीत. पुण्याच्या निवेदकाचा आवाज इथे उपयोगाचा नाही.

शेवटचा तुकडा गोव्याकडून घ्यावा. २००३ साली स्थापन झालेली ‘व्हिडिओ व्हॉलंटियर्स’ ही तिथली संस्था गावोगावच्या सामान्य लोकांना वार्ताहर म्हणून तयार करते. त्यांच्या व्हिडिओंच्या अखेरीस ठाम मागणी असते: अमुक अधिकाऱ्याला या क्रमांकावर फोन करा आणि हे काम करायला सांगा. ‘जागरूक व्हा’ असं सांगितलेला माणूस मान डोलावतो आणि पुढचा व्हिडिओ लावतो. म्हणून फोन हातात देण्याआधी मुलांकडून एक वाक्य लिहून घ्यावं: हा व्हिडिओ कोण पाहणार आणि पाहून झाल्यावर तो काय करणार? नवरात्रात सरोवराकाठच्या कमळजा देवीच्या यात्रेला येणाऱ्याने प्लास्टिकची पिशवी परत न्यावी, असं वाक्य चालेल. ‘समाजात जागृती व्हावी’ हे चालणार नाही. तांत्रिक सूचना मी फक्त एकच देईन. काठावर वारा फार असतो, त्यामुळे बोलणं मागाहून बंद खोलीत रेकॉर्ड करा.

एवढी ताकद हाती आली की खोटं बोलण्याची सोयही हाती येते, आणि लोणारने हे स्वतः अनुभवलंय. जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झालं. फोटो जगभर गेले, त्यांच्यासोबत नाना तर्कही गेले. खरं काय ते शोधायला पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत न्यावे लागले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत ते पाणी स्थिर ठेवलं तेव्हा गुलाबी गाळ तळाशी बसला आणि वरचं पाणी नितळ झालं. रंग पाण्याचा नव्हताच. अति खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचा होता. बाष्पीभवनाने पाणी घटलं, खारेपणा वाढला आणि त्यांचं फावलं. फिल्टर लावून आणखी गुलाबी केलेल्या फोटोंपेक्षा ती नितळणारी बाटली कितीतरी जास्त थरारक आहे!  विवराच्या वयाबाबतही असाच खरेपणा हवा. एका पद्धतीने ते सुमारे ५० हजार वर्षं येतं, दुसऱ्या पद्धतीने पावणेसहा लाखांच्या घरात. मुलांनी व्हिडिओत वय सांगायचं तर दोन्ही सांगावं, नाहीतर सांगूच नये. सोयीचा आकडा निवडायची सवय एकदा लागली की पुढे ती सुटत नाही.

लोणारच्या शिक्षकांनो, येत्या पावसाळ्याआधी काठावरचा तो दगड ठरवा. वर्गातल्या मुलांच्या पाळ्या लावा, सुट्टीच्या दिवसांच्याही. वर्षाने हाती १५ सेकंद येतील, त्यांच्यामागे हळदीची पट्टी जोडा, आजीचं बोट जोडा, आणि तो मिनिटभराचा व्हिडिओ सगळ्यांत आधी आपल्या नगरपरिषदेच्या सभागृहात दाखवा.