दहा गुंठ्यांचं अंगण

पहाटे साडेपाच

घरात पहिली जाग धाकट्याला येते. दीड वर्षाचा आहे. उठल्यावर रडत नाही, उभा राहतो आणि मच्छरदाणीला डोकं लावून ढकलत राहतो. त्या हिसक्यानं पावणेतीन वर्षांची थोरली उठते. मग दोघांनाही एकच हवं असतं: दार.

दाराची कडी आम्ही मुद्दाम वर बसवून घेतली आहे. जुन्नर तालुक्यात पौषात सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, आणि तोवर पोरांसाठी दार उघडायचं नाही हा या घराचा नियम आहे. थोरलीला तो पाठ आहे. "उजेड आला?" ती विचारते. नाही आला. दोन मिनिटांनी पुन्हा, "आता आला?" दरवेळी मी तिला कडेवर घेऊन खिडकीशी नेते. नुसतं नाही म्हटलेलं तिला चालत नाही, तिला स्वतः बघायचं असतं. बाहेर काळं दिसलं की ती मान हलवते आणि खाली उतरते. तोपर्यंत धाकट्यानं भांड्यांची मांडणी गाठलेली असते. वाट्या, झाकणं, उलथनं, सगळं खाली येतं. येऊ देते. या वेळेला तेच आमचं अंगण.

सहा

हे आणि माझे सासरे आबा बॅटरी आणि काठी घेऊन गोठ्यात जातात. एक जण धार काढतो, दुसरा उभा असतो. पूर्वी एकानं उरकायचं काम आता दोघांचं झालं आहे. मोबाइलवर भजन लावून ठेवतात, ते देवासाठी आहे तसंच आवाजासाठीही आहे. माणूस आहे हे बिबट्याला कळलं तर तो सहसा वाट बदलतो.

सव्वासात

कोवळं ऊन ओट्यावर आलं की थोरली स्वतः सांगते, "आला!" कडी निघते. दोघं धावतात ती थेट कुंपणापर्यंत. धाकटा अजून धावताना हात वर धरतो, पडतो, उठतो, मागं बघत नाही. मी चहाचा कप घेऊन ओट्यावर बसते. दिवसातली ही दहा मिनिटं मला फार प्रिय आहेत.

या धावायच्या जागेची गोष्ट सांगायला हवी. आमचं घर गावात नाही, मळ्यात आहे. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे ही कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, पाटाला पाणी आलं आणि कोरडवाहू रानात ऊस उभा राहिला. उसानं आमच्या लोकांना पक्की घरं दिली. त्याच उसानं बिबट्याला बाराही महिने आडोसा दिला. पाणी जवळ, वस्त्यांवर कुत्री-शेळ्या, आणि माणसाचं जाणं-येणं नसलेला गर्द फड. माद्या उसातच वितात, पिल्लं उसातच वाढतात, त्यांना डोंगर माहीतही नसतो. लहान पोर चणीनं शेळी-कुत्र्याएवढंच दिसतं, म्हणून सगळ्यात जास्त जीव पोरांचे जातात. तेही बहुतेक पहाटे आणि दिवेलागणीला, घराच्या अगदी जवळ.

थोरली पोटात होती तेव्हा आमच्या ओट्यापासून पंधरा पावलांवर ऊस होता. मी जेवताना आबांना म्हटलं, घरालगतच्या दहा गुंठ्यांत आता ऊस नको. ते काही बोलले नाहीत. चांगला पिकला तर गुंठ्याला टनभर ऊस निघतो, म्हणजे दर तोडीला दहा टन सोडायचे. त्या वर्षी अंगावर कर्जही होतं. आठ दिवस घरात कुणी हा विषय काढला नाही. नवव्या दिवशी आबांनी ट्रॅक्टर बोलावून तो खोडवा मोडून टाकला. सासूबाईंनी त्यात मेथी, कोथिंबीर, लसूण लावला. घोट्याच्या वर काही वाढत नाही. ओट्यावर बसलं की कुंपणापर्यंतचं सगळं दिसतं. माझी पोरं ज्या मोकळेपणानं पळतात तो असा मिळाला आहे, आणि आबांनी तो मला कधी बोलून दाखवलेला नाही.

साडेआठ

न्याहारीला दुधात कुस्करलेली बाजरीची भाकरी. थोरली स्वतः कुस्करते, त्यामुळे निम्मी परातीत आणि निम्मी फरशीवर. मग माझी फेरी. ही मी एक दिवसही चुकवत नाही. हौदाचं झाकण लागलंय का. कुट्टी मशीनचं बटण बंद आहे का आणि खोलीला कुलूप आहे का. फवारणीच्या बाटल्या माळ्यावरच आहेत का. शेवटी शेततळं. मला बिबट्याइतकीच धास्ती शेततळ्याची वाटते आणि ती बोलून दाखवली की लोक हसतात. तळाला प्लास्टिकचा कागद असतो, त्यावर शेवाळ धरतं. त्या उतारावरून घसरलेला मोठा माणूसही वर येऊ शकत नाही, धरायलाच काही नसतं. आमच्या तळ्याला चारी बाजूंनी जाळी आहे आणि आत चार ठिकाणी गाठी मारलेले दोर सोडलेत. जाळीला पैसे लागतात हे खरं. पण आधी कागद आणि पुढच्या वर्षी जाळी, हा हिशेब ज्या घरात लहान मूल आहे तिथं करू नये.

साडेदहा

आज अंगणवाडीत वजनाचा दिवस. थोरली चालत, धाकटा कडेवर, मग थोरली कडेवर आणि धाकटा चालत, असं करत अर्धा तास लागतो. वाटेत बांधावरचा प्रत्येक दगड उचलून बघायचा असतो.

ताईंनी वजन घेतलं, तक्त्यावर टिंब मारलं, दंडाला पट्टी लावली. साडेबारा सेंटिमीटरच्या वर गेलं की पट्टीचा हिरवा भाग येतो. दोघांचंही हिरवं आलं. थोरलीनं ती पट्टी मागून घेतली आणि ताईंचा, मदतनीस मावशींचा आणि खिडकीच्या गजाचाही दंड मोजला. तीन वर्षं पूर्ण झाली की ती इथं रोज येईल, गरम खिचडी खाईल. तोवर घरी न्यायचा आहार मिळतो.

लग्नाआधी मी डी.एड. केलं. तेव्हा ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं काम वाचलं होतं आणि परीक्षेपुरतंच वाचलं होतं. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम उभं केलं, पुढं ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. पाड्यावरची मुलं बालवाडीत येत नव्हती, तर त्यांनी बालवाडीच उचलून मुलांच्या अंगणात नेली. साधनं म्हणून महागडी खेळणी नव्हे, तर खडे, बिया, पानं, शंख-शिंपले. सरकारच्या अंगणवाड्या ज्या एकात्मिक बालविकास योजनेतून आल्या, ती २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. आज आम्ही सहज 'अंगणवाडी' म्हणतो तेव्हा त्या शब्दातलं अंगण ऐकूही येत नाही. मला ते आता ऐकू येतं. घरी परतताना थोरलीच्या फ्रॉकच्या खिशात बारा चिंचोके होते. ते तिनं वाटेत तीनदा मोजले. "एक, दोन, पाच" असे.

बारा

रानात कांद्याची लागण चालू आहे. सावडीनं करतो, आज आमच्याकडं, परवा शेजारी. सात बायका वाफ्यात वाकून रोपं खोचतात. वाकलेलं माणूसही बिबट्याला लहान जनावर वाटतं, म्हणून एक जण आळीपाळीनं उभी राहून चहूकडं बघते. माझी पाळी आली की मी पोरांकडंही बघून घेते. ती आंब्याखाली सासूबाईंपाशी असतात. धाकटा साडीच्या झोळीत झोपतो. थोरली झोपत नाही.

या दिवसांत अंगणात आणखी एक मूल असतं. ऊसतोडीला आलेल्या एका जोडप्याची दोन वर्षांची लेक. तिचे आईबाप भल्या पहाटे कोयता घेऊन फडात उतरतात. त्यांच्या कोपीला दार नाही, कडी नाही, खाली चिखल आणि वर पाचट. मी कडी वर बसवल्याचं इतकं सांगते आहे, पण ती सोय या पोरीला नाही. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात तिच्या आईला सांगितलं, "उजाडलं की हिला हितं आणून सोडत जा. दोन हायेत, तिसरी काय जड न्हाई." मुकादमाकडून उचल घेऊन सहा महिने घर सोडणाऱ्या माणसांची पोरं फडाच्या कडेला झोपतात हे आम्ही बागायतदार रोज बघतो. दहा गुंठे त्यांनाही हवेत.

साडेतीन

शेजारच्या फडात एकदम तोड थांबली. दोन पिल्लं सापडली होती, मांजराएवढी. वनखात्याची माणसं आली, डॉक्टरांनी पिल्लं तपासली. संध्याकाळी त्याच जागी पेटीत ठेवायची आणि सगळ्यांनी लांब व्हायचं असं ठरलं. आई रात्री येते आणि एकेक तोंडात धरून नेते. पिल्लं दुसरीकडं नेली तर ती सैरभैर होऊन सगळ्या वस्त्यांवर फिरते, हे आता इथल्या पोरासोरांनाही माहीत आहे.

मी पेटीत डोकावले नाही. सासूबाई बघून आल्या. पदरानं तोंड पुसत एवढंच म्हणाल्या, "तिलाबी दोनच हायेत." मला त्या क्षणी राग आला. माझ्या पोरांच्या जिवावर उठलेलं जनावर आणि त्याची कसली कीव? मग धाकटा झोळीतून उठून रडायला लागला, त्याला घेतलं, आणि राग कुठं गेला ते कळलं नाही. भीती मात्र गेली नाही. आज दिवेलागणीच्या अर्धा तास आधीच आत जायचं, हे मी मनात पक्कं केलं.

पावणेसहा

हीच दिवसातली अवघड वेळ. ऊन अजून आहे, खेळ रंगलेला आहे, आणि मला तो मोडायचा आहे. थोरली जमिनीवर आडवी पडली. टाचा आपटत, मातीत केस घोळवत, सगळ्या मळ्याला ऐकू जाईल अशी ओरडली. धाकट्याला कारण माहीत नव्हतं, पण तोही शेजारी आडवा पडला. लागणीवरून परतणारी एक बाई थांबून म्हणाली, "लई वांड हायेत गं तुझी पोरं."

हा शब्द मला सोसत नाही. सबंध दिवस ज्या पायांनी ढेकळं तुडवली, बांध चढले, खडे गोळा केले, त्याच पायांना मी अंधाराच्या आधी घरात कोंडते आहे. त्यांनी रडू नये तर काय करावं? मी तिच्याशेजारी मातीत बसले, पाठ फडाच्या बाजूला करून नव्हे, तोंड तिकडं करून. थोड्या वेळानं विचारलं, "आज दिवा कोण लावणार?" बाहेरच्या फोकसचं बटण दाराच्या आत आहे. ते दाबायचा मान तिचा. ती उठली, मातीनं भरलेली, हुंदके देत आत गेली, स्टुलावर चढली आणि बटण दाबलं. दहाही गुंठे उजळले. "मी उजेड केला," ती म्हणाली. मी कडी लावली. ऊसतोडीची पोर तेवढ्यात तिच्या आईच्या खांद्यावर निघून गेली होती. सासूबाईंनी तिच्या आईला बॅटरी दिली आणि उद्या परत आण म्हणाल्या, म्हणजे पोरही येईल.

सात

हुलग्याची शेंगोळी. थंडीत आठवड्यातून एकदा होतातच. लसूण-मिरचीचं वाटण घालून पीठ मळलं, आणि परातीभोवती आम्ही चौघं बसलो, म्हणजे सासूबाई, मी, थोरली आणि मांडीवर धाकटा. हाताला तेल लावून गोळी वळायची आणि कड्यासारखी मुडपायची. थोरलीची शेंगोळी गांडुळासारखी लांब होतात, धाकटा गोळी वळतच नाही, दाबून चपटी करतो. सगळी एकाच आधणात सोडली. जेवताना आबांनी ताटातलं एक चपटं शेंगोळं उचललं, "हे कुणाचं?" विचारलं आणि धाकट्यानं छातीवर हात मारला. त्याला 'मी' अजून म्हणता येत नाही.

साडेनऊ

शेतीपंपाची थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री अशी येते. या आठवड्यात रात्रपाळी आहे. कांद्याची लागण झाली की पाणी लगेच द्यावं लागतं, ते उद्यावर ढकलता येत नाही. म्हणून दहाला हे आणि शेजारचे भाऊजी मिळून निघतात. दिवसा वीज मिळावी ही मागणी आमच्याकडं दर मीटिंगला होते, आणि माझ्यासारख्या बायका ती सगळ्यात मोठ्यानं करतात.

मी पोरांना पलंगावर घेते. खाली अंथरूण घालत नाही. मण्यार रात्रीच फिरते, अंथरुणात शिरते, आणि तिचा दंश पुष्कळदा कळतही नाही. मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचते, हात फिरवून एकदा तपासते.

थोरलीचा डोळा लागला नव्हता. "पप्पा कुठं?" मी तिला उशीवर उभी करून खिडकीतून दाखवलं. कुंपणापलीकडं, कांद्याच्या वाफ्यात दोन बॅटऱ्या हळूहळू सरकत होत्या. मधूनच एक थांबे, मग दुसरी तिच्याजवळ जाई. मोटरचा आवाज येत होता. पलीकडच्या फडाकडं अंधार होता, त्या बाजूला तिनं बोट केलं आणि काही विचारलं नाही.

"एक, दोन," ती बॅटऱ्या मोजत म्हणाली. मग पुन्हा, "एक, दोन." तिसऱ्यांदा मोजताना तिची मान माझ्या खांद्यावर पडली. तिला आडवी केली तर धाकट्याखालची गोधडी ओली लागली. मी मच्छरदाणीची एक बाजू सोडवली आणि दुसरी गोधडी काढायला उठले.