नाव 'शुगर-फ्री', आत गूळ

सोसायटीच्या दिवाळी प्रदर्शनात हल्ली खाण्यापेक्षा वाचण्यातच जास्त वेळ जातो. आपल्या आयांनी डब्यात भरून फळीवर ठेवलेले डिंकाचे लाडू आता 'एनर्जी बॉल्स' झालेत. नाचणीची चकली 'गिल्ट-फ्री क्रंच' आणि खजुराची वडी ठळक अक्षरांत 'शुगर-फ्री'. चव बहुतेक वेळा छान असते. घोळ असतो तो स्टिकरवर.

सगळ्यात मोठा घोळ साखरेचा. पांढरी साखर घातली नाही की पदार्थ शुगर-फ्री झाला, असं करणाऱ्यांनाही मनापासून वाटतं, घेणाऱ्यांनाही. पण एफएसएसएआय, म्हणजे भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण, हे नाव इतक्या सहजासहजी देत नाही. २०१८ च्या जाहिरात आणि दाव्यांविषयीच्या नियमांनुसार १०० ग्रॅम घन पदार्थात शर्करा फार तर अर्धा ग्रॅम असेल, तरच तो 'शुगर-फ्री'. खजुराच्या वजनात निम्म्याहून जास्त शर्कराच असते. गूळ म्हणजे उसाचा आटवलेला रस, त्यात सगळ्यात मोठा वाटा सुक्रोजचा, आणि साखर म्हणजे तरी दुसरं काय? गुळात थोडं लोह आणि खनिजं असतात हे खरं. पण तेवढ्यासाठी लाडू खाणारा माणूस मला अजून भेटायचाय. 'नो ॲडेड शुगर' लिहूनही सुटका नाही, कारण गूळ घातला म्हणजे शर्करा घातलीच. यात नुकसान होतं ते मधुमेह असलेल्या काकांचं. एरवी अर्ध्या लाडवावर थांबणारे काका ते नाव वाचून तीन खातात. त्यापेक्षा 'गुळाचे अळीव लाडू' हे नाव काय वाईट आहे? गोडवा कशाचा ते नावातच कळतं.

'हेल्दी' या शब्दाचंही तसंच. नाव आकर्षक हवं तर तो शब्द हवाच, असा एक समज आहे. त्याच नियमांत म्हटलंय की कोणत्याही खाद्यपदार्थाचं वर्णन 'हेल्दी' असं करू नये आणि तो पदार्थ एकटाच आरोग्य देईल असंही सुचवू नये. मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना बोर्नव्हिटासारखी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या वर्गातून काढायला सांगितली, कारण अन्न सुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' अशी व्याख्याच नाही. हॉर्लिक्सच्या गटाचं नावही त्याच सुमारास बदललं. मग आपला मखाना चिवडा कोण लागून गेला!

'हाय फायबर' मात्र म्हणता येतं. फक्त १०० ग्रॅममागे निदान ६ ग्रॅम तंतू असल्याचं दाखवता आलं पाहिजे. पिठात मूठभर ओट्स टाकून ते होत नाही.

शुद्ध, अस्सल, नैसर्गिक, पारंपरिक ही विशेषणं आपल्याला फार निरुपद्रवी वाटतात. पण ब्रँडच्या नावातल्या अशा शब्दाने ग्राहकाची दिशाभूल होण्यासारखी असेल, तर पाकिटावर निदान ३ मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत खुलासा छापावा लागतो : हे केवळ ब्रँडचं नाव आहे, पदार्थाचं खरं स्वरूप नव्हे. म्हणजे वर 'अस्सल' आणि खाली त्याचाच इन्कार. 'होममेड' हा शब्दही चुकीचा समज करून देत असेल तर चालत नाही.

याच्या उलट टोकाला गेलेलीही मंडळी आहेत. 'अमृतकण' असं झकास नाव ठेवतात आणि आत काय आहे ते कुठेच नाही. लाडू आहे की खोकल्याचं चूर्ण? कल्पित नाव ठेवायला कुणाची हरकत नाही, पण पदार्थाचं खरं नाव पाकिटाच्या दर्शनी भागावर यावंच लागतं. मराठीत छापलं की झालं, हेही पूर्ण खरं नाही. बंधनकारक मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत हवा, मराठी त्याच्या जोडीला खुशाल घाला. लिपी एकच असल्यामुळे हा फरक भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही.

बचत गटांच्या बैठकीत हमखास निघणारा प्रश्न : "एफएसएसएआयचा नंबर मिळाला, आता नाव आपलंच ना?" नाही. तो १४ अंकी नंबर अन्नाच्या धंद्याचा आहे, नावाचा नाही. उद्यम नोंदणीचंही तेच. नावाची मालकी हा ट्रेडमार्कचा प्रांत. चिवडा, चिक्की, बिस्किटं साधारण वर्ग ३० मध्ये येतात, भाजलेले-खारवलेले दाणे आणि काजू वर्ग २९ मध्ये. एकट्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जाला दर वर्गामागे ४,५०० रुपये लागतात, नोंदणी दहा वर्षं टिकते आणि पुढे वाढवता येते. आधीच कुणी ते नाव घेतलंय का, हे सरकारी संकेतस्थळावर फुकट शोधता येतं. स्टिकर छापायच्या आधी शोधलेलं बरं. अर्ज करण्यापूर्वीही 'टीएम' लिहिता येतं, पण गोलातला 'आर' नोंदणीनंतरच. तो आधीच छापणं हा गुन्हा आहे. आणि 'पौष्टिक लाडू' हे नाव एकटीचं करून घेता येईल ही आशा सोडा. पदार्थाचं नुसतं वर्णन करणारं नाव १९९९ च्या कायद्याप्रमाणे सहसा नोंदलं जात नाही, कारण पौष्टिक लाडू शेजारणीनेही केलेले असतात.

राहता राहिला 'आधी नाव, मग धंदा' हा समज. नाव सुचेना म्हणून पहिली ऑर्डरच न घेतलेल्या बायका मी पाहिल्यात. गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली, तेव्हा त्या पापडाला 'लिज्जत' हे नाव नव्हतं. ते आलं १९६२ मध्ये. त्यासाठी स्पर्धा ठेवली होती, बक्षीस पाच रुपये. गुजरातीतली लिज्जत म्हणजे आपली लज्जत. तोवर तीन वर्षं पापड खपतच होते.