कढीपत्त्यावरची अळी आणि मोबाइलचा कॅमेरा



परिसर अभ्यास शिकवताना आपण फळ्यावर लिहितो, 'कीटकाला सहा पाय असतात.' मुलं ते वहीत उतरवतात. मग एखादं चौकस मूल हमखास विचारतं, "बाई, मग अळीला एवढे पाय कसे?" तोंडी सांगितलेलं उत्तर मुलं विसरतात, स्वतः काढलेल्या फोटोत मोजलेले पाय विसरत नाहीत. आणि त्यासाठी लांब जायची गरज नाही. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, कुठल्याही इमारतीत दोन-चार ग्रिलमध्ये तरी कढीपत्त्याची कुंडी सापडतेच.

पावसाळ्यात त्या कुंडीची पानं कुरतडलेली दिसली की नीट बघा. पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखा काळा-पांढरा ठिपका दिसेल. ती लाइम किंवा कॉमन मॉरमॉन फुलपाखराची लहान अळी असू शकते. पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून हे सोंग! कात टाकत ती वाढते आणि शेवटच्या टप्प्यात हिरवीगार होते. घरोघरी नेमकी याच वेळी फवारणी होते, नाहीतर अळी कागदावर घेऊन खिडकीबाहेर. माझं म्हणणं एवढंच, की चार पानं जाऊ द्या. कढीपत्ता पुन्हा फुटतो.

आता फोटो. साध्या मोबाइलचा मुख्य कॅमेरा चार-पाच बोटांपेक्षा जवळ नेला की चित्र धूसर होतं. म्हणून थोडं लांबूनच काढा आणि नंतर फोटो कापून मोठा करा. दोन बोटांनी झूम करून काढण्यापेक्षा हे बरं. मोबाइलला लावायची मॅक्रो लेन्सची क्लिप असेल तर मात्र अगदी दोन-चार सेंटीमीटरवर जावं लागतं आणि हात जरा हलला तरी फोकस सुटतो. इतक्या जवळून एका वेळी अगदी थोडाच भाग स्पष्ट येतो. त्यामुळे अळीच्या समोर नाही, बाजूला, तिला समांतर मोबाइल धरा. सकाळचं कोवळं ऊन उत्तम, फ्लॅश नको. वाऱ्याने फांदी हलत असेल तर दुसऱ्या मुलाला आडोशाला उभं करा. (मुलांना ग्रिलबाहेर हात काढू देऊ नका, हे सांगायला नकोच.) एकदम दहा-पंधरा फोटो काढा, एखादा जमतो.

मग फोटो मोठा करून मुलांना पाय मोजायला लावा. पुढचे तीन जोड टोकदार, हे खरे सहा पाय. मागचे पाच जोड मांसल गाद्यांसारखे, पकड घेण्यापुरते. फुलपाखरू झाल्यावर ते उरत नाहीत. म्हणजे पुस्तक चुकलेलं नाही! हिरव्या अळीवर दोन मोठे डोळे दिसतात, ते नुसते ठिपके आहेत. खरं डोकं त्यांच्या पुढे, खाली दडलेलं असतं. तिला डिवचलं की डोक्यामागून दोन फाट्यांचं शिंगासारखं अवयव बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. पण त्या फोटोसाठी तिला काडीने टोचू नका, ही सवय एकदा लागली की मुलांची सुटत नाही. बरणीत कोंडणं, फ्रीजमध्ये ठेवून सुस्त करणं, हेही नको.

प्रत्येक फोटोसोबत तारीख, जागा आणि झाडाचं नाव लिहायला लावा. झाडाशिवाय अळी ओळखणं कठीण. रुईच्या झाडावर वेगळी अळी दिसेल, ती बहुधा प्लेन टायगरची. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात सहल नेलीत (सोमवारी बंद असतं) तर ब्ल्यू मॉरमॉन शोधा. २०१५ साली महाराष्ट्राने याला राज्य फुलपाखरू घोषित केलं. याच्याही अळ्या लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढतात आणि कढीपत्ता त्याच कुळातला, हे मुलांना ऐकून गंमत वाटते.

एक दिवस कुंडीवरची अळी गायब होईल. लगेच कावळ्याला दोष देऊ नका. फांदीच्या खालच्या बाजूला, आसपासच्या गजांवर बघा, कमरेला रेशमी धागा बांधून कोष चिकटलेला असेल. पुढचे साधारण दोन आठवडे रोज एकाच जागेवरून एक फोटो घ्या. कोष काळपट पडून आतली पंखांची नक्षी दिसायला लागली, की रात्रीच मोबाइल चार्ज करून ठेवा आणि मुलांना सकाळी लवकर उठवा.