पाण्यावरून ‘उडणारी’ शिडाची होडी: वेग दुप्पट-तिप्पट, मग शर्यतीत ती मागे का पडते?

तुमच्या फीडवर हा व्हिडिओ एकदा तरी येऊन गेला असेल. एका माणसाची छोटी शिडाची होडी, तिचा तळ पाण्यापासून दोन-तीन फूट वर आणि खाली पाण्यात फक्त एक बारीक पातं. इंजिन नाही, आवाज नाही. खाली कॉमेंट ठरलेली: ‘एडिट केलंय’ किंवा ‘एआय आहे’.

हे एडिटही नाही आणि एआयही नाही. ही हायड्रोफॉइल डिंगी. डिंगी म्हणजे एक-दोन माणसांची, बंद केबिन नसलेली छोटी शिडाची होडी. यातली सगळ्यात प्रसिद्ध जात म्हणजे ‘मॉथ’. लांबी जेमतेम ११ फूट, पण योग्य वाऱ्यात ती ३० नॉटच्या पुढे, म्हणजे ताशी ५५ किलोमीटरहून जास्त वेगाने पळते. हे कसं होतं आणि एवढा वेग असूनही शर्यत जिंकणं सोपं का नाही, ते समजून घेऊया.

आधी एक घरगुती प्रयोग

भिवंडी तालुक्यात तानसा नदीच्या काठी अकलोली आहे. गरम पाण्याच्या कुंडांमुळे अनेकांना माहीत असलेलं गाव. तिकडे जाताना गाडीत मागे बसून कधी तळहात खिडकीबाहेर धरलाय? हात सपाट ठेवला तर काही होत नाही. पुढची कड जराशी वर केली की हात आपोआप वर उचलला जातो. विमानाचा पंख याच तत्त्वावर काम करतो. (प्रयोग रिकाम्या रस्त्यावर, हळू गाडीत आणि जपून करा.)

आता तोच तळहात पाण्याने भरलेल्या मोठ्या टबात तसाच तिरका धरून पुढे सरकवा. अगदी सावकाश सरकवला तरी हाताला चांगलाच जोर जाणवेल. कारण पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन आहे. म्हणून माणसाला हवेत उचलायला भलामोठा पंख लागतो, पण पाण्यात मात्र हातभर लांबीची दोन अरुंद पाती पुरतात. या पात्यांना ‘फॉइल’ म्हणतात. एक होडीच्या मधोमध खाली, दुसरं मागे सुकाणूच्या टोकाला.

साधी होडी हळू का असते?

पाण्यात चालणारी कुठलीही होडी स्वतःची लाट तयार करते. वेग वाढला की ही लाट लांब होत जाते. एका क्षणी लाटेची लांबी होडीच्या लांबीइतकी होते. मग नाक एका लाटेवर आणि शेपूट दुसऱ्या लाटेवर, अशी होडी मधल्या खोलगटात अडकते. यापुढे वेग वाढवायचा तर स्वतःच्याच लाटेवर चढावं लागतं. कसारा घाट चढणारा भरलेला ट्रक आठवा, तशी गत.

ही मर्यादा काढायचं एक ढोबळ सूत्र आहे. होडीची पाण्यातली लांबी मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि साडेचारने गुणा. उत्तर ताशी किलोमीटरमध्ये येतं. मॉथच्या ३.३५ मीटर लांबीला हे उत्तर येतं ताशी सुमारे ८ किलोमीटर, म्हणजे जॉगिंग करणाऱ्या माणसाचा वेग.

यातून सुटायचे दोन मार्ग आहेत.

पहिला, पाण्यावरून घसरत जाणं. होडी हलकी आणि तळ सपाट असेल तर जोराच्या वाऱ्यात ती आपली लाट ओलांडून पाण्यावर सपाट दगडासारखी सरकू लागते. याला ‘प्लेनिंग’ म्हणतात. १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांतल्या शिडाच्या होड्यांच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या होत्या. तिथे फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिलं, ते ‘फायरबॉल’ या अशाच सपाट तळाच्या होडीत.

दुसरा मार्ग म्हणजे तळ पाण्याबाहेरच काढणं. फॉइल हेच करतं. तळच पाण्यात नाही, तर त्याची लाटही नाही.

उडाल्यावर ती आणखी वर का जात नाही?

फॉइलवरचा उचलणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट. म्हणजे काहीच बंदोबस्त नसेल तर होडी वर चढतच राहील, फॉइल पाण्याबाहेर येईल आणि होडी धाडकन खाली आपटेल.

यावर मॉथमधला उपाय आपल्या घरातल्या पाण्याच्या टाकीसारखा आहे. टाकीतला बॉलकॉक पाण्याची पातळी पाहून नळ उघड-बंद करतो. तशीच मॉथच्या नाकाशी एक बारीक काठी असते. तिचं टोक पाण्याच्या पृष्ठभागावर घासत राहतं. होडी खाली बसली की काठी मागे ढकलली जाते, तिला जोडलेली दांडी मधल्या फॉइलची मागची झडप खाली वळवते आणि जोर वाढतो. होडी जास्त वर गेली की काठी खाली लोंबते, झडप वर वळते आणि जोर कमी होतो. ना सेन्सर, ना बॅटरी. सेकंदाला कित्येक वेळा हे आपोआप चालू असतं.

वाऱ्यापेक्षा जास्त वेग? हे कसं शक्य आहे?

कॉमेंटमध्ये सगळ्यात जास्त वाद इथे होतो. वारा १० नॉटचा आणि होडी २० नॉटची, मग तिला ढकलतंय कोण?

वारा स्तब्ध असतानाही स्कूटरवर बसलं की तोंडावर वारा येतो. तो आपल्या वेगाने तयार झालेला वारा. होडीच्या शिडाला खरा वारा आणि हा स्वतः तयार केलेला वारा, दोन्ही मिळून लागतात. वाऱ्याला आडवं जाताना वेग वाढला की शिडावरचा एकूण वाराही वाढतो, त्यामुळे वेग आणखी वाढतो. साध्या होडीत हे चक्र लाटेच्या भिंतीपाशी थांबतं. फॉइलवर ती भिंतच नसते, म्हणून चक्र बरंच पुढे जातं.

तरीही ते कायम चालत नाही. वेग वाढेल तसा एकूण वारा समोरून येऊ लागतो आणि शिडाचा पुढे ओढणारा जोर कमी होतो. शिवाय पाण्यातल्या पात्यांचं आणि हवेतल्या माणसाचं घर्षण वाढत जातं. कुठेतरी दोन्ही बाजू बरोबरीत येतात.

इथे शिडाचा आकार मोठा असतो असंही नाही. ऑलिंपिकमधल्या ‘आयएलसीए ७’ (जुनं नाव लेझर) या साध्या होडीचं शीड ७.०६ चौरस मीटर, तर मॉथचं साधारण ८. इंजिन जवळपास तेच, फक्त रस्ता बदलला.

मग शर्यतीत अडतं कुठे?

इंग्लंडमध्ये वेगवेगळ्या होड्या एकत्र शर्यत लावताना प्रत्येक जातीला एक आकडा देतात. आकडा जितका लहान, तितकी होडी वेगवान. आयएलसीए ७ चा आकडा ११०० च्या आसपास, फॉइलवरच्या मॉथचा ६०० च्या आसपास. म्हणजे पहिलीला ११० मिनिटं लागणारी शर्यत दुसरी साधारण तासाभरात संपवते. कमाल वेग दुप्पट-तिप्पट, पण शर्यतीचा वेळ मात्र निम्म्यापेक्षा थोडा जास्तच. उरलेला फायदा दोन ठिकाणी जातो.

पहिलं ठिकाण, वळणं. शिडाची होडी वाऱ्याच्या थेट तोंडावर जाऊ शकत नाही. ती नागमोडी जाते आणि दर वेळी दिशा बदलते. समजा होडी १५ नॉटने उडतेय आणि वळताना खाली बसली. पुन्हा उडायला २० सेकंद लागले आणि तोवर वेग ४ नॉट राहिला. या २० सेकंदांत न बसता वळणारा प्रतिस्पर्धी दीडशे मीटरहून जास्त पुढे जातो, तुम्ही चाळीसच. एका चुकीची किंमत ११० मीटर, जवळजवळ फुटबॉलचं पूर्ण मैदान. म्हणून सरळ रेषेत २८ नॉट काढणारा हरतो आणि २४ नॉटवर पण न आपटता वळणारा जिंकतो.

दुसरं ठिकाण, वारा. उडायला साधारण ६ ते ८ नॉट वारा लागतो. त्याखाली फॉइल म्हणजे पाण्यात ओढायचं नुसतं ओझं. वारा पडला की ही महागडी होडी साध्या होडीच्याही मागे राहू शकते.

हे आपल्याला का महत्त्वाचं?

मॉथ १९२८ साली ऑस्ट्रेलियात लेन मॉरिस यांनी बनवलेल्या होडीपासून सुरू झाली. लांबी आणि शिडाला मर्यादा, बाकी प्रयोगाला मोकळीक, असे तिचे नियम. त्यातूनच फॉइल आले आणि २००५ मध्ये रोहन वील फॉइलवर जागतिक विजेते झाले. पुढे हे तंत्र ऑलिंपिकपर्यंत पोचलं. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शिडाच्या १० पैकी ५ स्पर्धा फॉइलवरच्या होत्या.

त्या ऑलिंपिकमध्ये भारताचे दोन खेळाडू होते. विष्णू सरवणन आणि नेत्रा कुमानन. दोघंही साध्या, न उडणाऱ्या होड्यांमध्ये. विष्णू मुंबईत कुलाब्याच्या आर्मी यॉटिंग नोडमध्ये तयार झालेले. हांगझोऊ आशियाई खेळांत त्यांनी कांस्य जिंकलं. त्याच स्पर्धेत इबाद अली यांनी ‘आरएस:एक्स’ या विंडसर्फिंग प्रकारात कांस्य मिळवलं. पॅरिसला मात्र तो प्रकारच नव्हता. त्याची जागा फॉइलवरच्या ‘आयक्यूफॉइल’ने घेतली होती. म्हणजे ज्या प्रकारात आपण पदकापर्यंत पोचलो, तोच ऑलिंपिकमधून गेला.

आणि नुसता पैसा ओतून हे भरून निघणार नाही. फॉइल पाण्यात मीटरभर खोल असतं. ताशी ४० किलोमीटरने जाणारी होडी दर सेकंदाला ११ मीटर कापते. अकलोलीच्या खडकाळ नदीपात्रात ती चालणारच नाही. मुंबईच्या समुद्रात दुपारचा वारा चांगला असतो, पण पावसाळ्यात होड्या काठावर काढाव्या लागतात. शिवाय पाण्यात तरंगणारी एक प्लास्टिकची पिशवी फॉइलला अडकली तरी होडी खाली बसते, आणि जाळ्याचा तुकडा अडकला तर माणूस उडून पाण्यात पडतो.

तेव्हा तो व्हिडिओ पुन्हा आला तर वेगाच्या आकड्याकडे नका पाहू. होडी वळते त्या क्षणाकडे पाहा. तळ पाण्याला टेकला की नाही, एवढ्यावरून शर्यत कोणाची ते बहुतेक वेळा कळतं.