आयर्लंडचें होमरूल आणि वऱ्हाडचा शेतकरी

‘होमरूल’ हा शब्द आमच्याकडे आयर्लंडांतून आला. १९१६ सालानंतरच्या दोन-तीन वर्षांत वऱ्हाडांतील व्याख्यानांतून तो इतक्या वेळां उच्चारला गेला कीं, इंग्रजी न जाणणाऱ्या माणसालाहि तो परका वाटेना. परंतु शब्द आला तेव्हां त्याच्या मागचा इतिहासहि त्याच्याबरोबर आला काय, हा प्रश्न शेतकरी वर्गानें विचारण्यासारखा आहे. आयर्लंडांत राजकीय वादाला खरें बळ मिळालें तें शेतजमिनीच्या प्रश्नामुळें. वऱ्हाडांत राजकीय वाद आधीं आला आणि शेतकऱ्याचा प्रश्न बऱ्याच वर्षांनीं त्याच्या मागून व्यासपीठावर चढला. हें अंतर कां पडलें व त्यापासून कोणता धडा घ्यावयाचा, याचा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

आयरिश कूळ व त्याची जमीन

१८०१ सालीं आयर्लंडची स्वतंत्र पार्लमेंट मोडून तो देश ग्रेट ब्रिटनला जोडण्यांत आला. तेथील जमिनीची मालकी बहुतांशीं अशा जमीनदारांकडे होती कीं, जे धर्मानें व पुष्कळदां वंशानेंहि रयतेहून निराळे होते. त्यांपैकीं कित्येक इंग्लंडांत राहत आणि वसुली कारभाऱ्यामार्फत करीत. कुळास जमीन बहुधा वर्षाच्या बोलीनें मिळे. त्यानें बांध घातला, चर खणला, गोठा बांधला, तर जमिनीची किंमत वाढली म्हणून खंड वाढे, आणि खंड न भरल्यास घरासह जमीन सोडावी लागे. अशा स्थितींत जमीन सुधारण्याची बुद्धि कोणास होणार?

गरीब कुळाचें पोट बटाट्यावर अवलंबून होतें. १८४५ पासून त्या पिकावर रोग पडला व चार-पांच वर्षें भयंकर दुष्काळ झाला. सुमारें दहा लाख माणसें मेलीं, व त्याहून अधिक देश सोडून गेलीं. १८४१ च्या शिरगणतींत सुमारें ८२ लाख असलेली लोकसंख्या १८५१ मध्यें सुमारें साडेपासष्ट लाखांवर आली. त्या वर्षांतहि आयर्लंडांतून धान्य व गुरें इंग्लंडास जातच होतीं, ही गोष्ट आयरिश माणूस कधींच विसरला नाहीं.

याच दुष्काळांत, १८४६ सालीं, मेयो परगण्यांत मायकेल डेव्हिट जन्मला. तो चार वर्षांचा असतां त्याच्या कुटुंबास घराबाहेर काढण्यांत आलें. तें कुटुंब लँकेशायरांत गेलें, व तेथें कापसाच्या गिरणींत काम करीत असतां अकराव्या वर्षीं डेव्हिटचा उजवा हात यंत्रांत सांपडून गेला. ज्या लँकेशायरच्या गिरण्यांसाठीं अमेरिकेंतील यादवीच्या काळांत वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्याच मुलुखांतील ही गोष्ट आहे. पुढें याच एकहाती माणसानें २० एप्रिल १८७९ रोजीं मेयोंतील आयरिशटाऊन येथें भरलेल्या कुळांच्या सभेमागें राहून चळवळीचा पाया घातला, व त्याच वर्षीं २१ ऑक्टोबरला डब्लिन येथें ‘लँड लीग’ ही संस्था स्थापन झाली. तिचें अध्यक्षपद चार्लस् स्टुअर्ट पार्नेल यांनीं पत्करलें. पार्नेल स्वतः प्रॉटेस्टंट जमीनदार होते, हें आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

लीगच्या मागण्या साध्या होत्या: खंड वाजवी असावा, खंड भरणाऱ्यास काढतां येऊं नये, व आपला कब्जा विकण्याची कुळास मोकळीक असावी. सर्वांचा शेवट कसणाऱ्याच्या मालकींत व्हावा, हें अंतिम ध्येय होतें. १८८० च्या शरदांत याच मेयो परगण्यांत कॅप्टन बॉयकॉट नांवाच्या कारभाऱ्याशीं लोकांनीं सर्व व्यवहार तोडले. त्याचें पीक काढण्यास सुमारें पन्नास मजूर उत्तरेकडून आणावे लागले व त्यांच्या रक्षणार्थ हजारभर शिपाई उभे करावे लागले. पिकाच्या किंमतीहून कितीतरी पट खर्च झाला. त्याच्याच नांवावरून इंग्रजींत जो शब्द रूढ झाला, त्यास आम्ही ‘बहिष्कार’ म्हणतों, व १९०५ नंतर टिळकपक्षाच्या चतुःसूत्रींत तो एक सूत्र होऊन बसला.

या चळवळीचें फळ कायद्यांत दिसलें. १८८१ च्या कायद्यानें खंड ठरविण्यास न्यायमंडळ नेमलें. १९०३ च्या कायद्यानें तर सरकारनें जमीनदारास पैसे देऊन जमीन कुळाच्या नांवें करावी, व कुळानें ती रक्कम शेंकडा सव्वातीनच्या वार्षिक हप्त्यानें साडेअडुसष्ट वर्षांत फेडावी, अशी व्यवस्था झाली. राज्य हातीं येण्यापूर्वींच आयरिश कूळ बहुतांशीं मालक झालें. होमरूलचें बिल मात्र १८८६ सालीं कॉमन्स सभेंत पडलें, १८९३ सालीं लॉर्ड सभेनें फेटाळलें व १९१४ सालीं मंजूर होऊनहि महायुद्धाच्या सबबीवर तहकूब राहिलें.

वऱ्हाडांतील निराळी स्थिति

१८७० सालीं खामगांवचा रेल्वेफांटा खुला करण्यास व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. खामगांव त्या काळीं अकोला जिल्ह्यांत होतें. लॉर्ड मेयो हे आयर्लंडांतील उमराव घराण्यांतले व त्यांचा किताब वर सांगितलेल्या मेयो परगण्याच्याच नांवाचा. हिंदुस्थान सरकारचें शेतकी खातें १८७१ सालीं त्यांच्याच कारकीर्दींत निघालें. वऱ्हाडच्या कापसाची वाट सुधारावी हा त्यांचा हेतु होता. पण कापूस पिकविणाऱ्याचें घर कसें चालतें, हा प्रश्न रेल्वेनें सुटण्यासारखा नव्हता.

वऱ्हाड १८५३ च्या तहानें निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यांत आलें, १९०२ सालीं सालीना पंचवीस लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्यानें घेतलें गेलें, व १९०३ सालीं मध्यप्रांतास जोडलें गेलें. यांपैकीं कोणत्याहि वेळीं रयतेचें मत घेतलें नाहीं. इतक्यापुरतें आमचें आयर्लंडशीं साम्य आहे. परंतु जमिनीची पद्धति भिन्न. येथें मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी बसली. इजारा व जहागिरीचीं गांवें सोडलीं तर खातेदार हा सरकारशीं थेट बांधलेला. त्यास जमीन गहाण टाकण्याचा, विकण्याचा हक्क होता. आयरिश कुळास विकण्याचा हक्क झगडून मिळवावा लागला. आम्हांस तो आयता मिळाला, आणि कापसाचे भाव उतरले किंवा पाऊस चुकला कीं त्याच हक्कावाटे जमीन सावकाराकडे गेली. १८९९-१९०० च्या दुष्काळानें तर एवढा तडाखा दिला कीं, १९०१ च्या शिरगणतींत वऱ्हाडची लोकसंख्या १८९१ च्या मानानें घटलेली आढळली.

याचा राजकारणावर परिणाम असा झाला कीं, आयरिश माणसाला शत्रु एकाच ठिकाणीं दिसे. जमीनदार व राज्यकर्ता हे त्याच्या दृष्टीनें एकाच पंगतीचे. वऱ्हाडी शेतकऱ्याचा सारा सरकार घेई, जमीन शेजारच्या पेठेंतील आपलाच माणूस घेई, व भाव दूरच्या बाजारांत ठरे. त्यामुळें कोणाविरुद्ध उभें राहावें हें त्यास उमगेना, आणि व्यासपीठावरील पुढाऱ्यांनींहि तें लवकर उमगून दिलें नाहीं.

अमरावतींतील वाद

१८९७ सालीं राष्ट्रीय सभेचें तेरावें अधिवेशन अमरावतीस भरलें. अध्यक्ष शंकरन् नायर व स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे. त्याआधीं तीन वर्षें, मद्रासच्या अधिवेशनाचें अध्यक्षपद आल्फ्रेड वेब या आयरिश पार्लमेंट सभासदानें भूषविलें होतें. यावरून दोन्ही देशांच्या पुढाऱ्यांचें लक्ष परस्परांकडे होतें, हें स्पष्ट आहे. याच १८९७ सालीं वऱ्हाडांत कापसाच्या बाजारांचा कायदा झाला. बाजारास नियम लागले ही गोष्ट चांगलीच होती. परंतु बाजार समित्यांत व्यापाऱ्यांचें प्राबल्य राहिलें. पिकविणाऱ्यास स्वतंत्र जागा नव्हती. एकाच नगरींत, एकाच सालीं, देशाचा कारभार देशी लोकांच्या संमतीनें चालावा अशी मागणी मंडपांत होत होती, आणि कापसाच्या आवारांत कास्तकाराच्या संमतीचा प्रश्नच निघत नव्हता.

पुढें अमरावतींत दोन पक्ष पडले. रंगनाथ नरसिंह मुधोळकर हे नेमस्त; सनदशीर अर्ज, उद्योगधंदे व शिक्षण यांवर त्यांचा भर असे, व १९१२ सालीं बांकीपूरच्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. खापर्डे टिळकांचे जिवलग. १९०८ सालीं टिळकांस शिक्षा झाल्यावर त्यांच्या अपिलासाठीं ते इंग्लंडास गेले. आयर्लंडांतहि हाच वाद चालू होता: पार्लमेंटांत मतें मिळवून हक्क घ्यावे, कीं निराळा मार्ग धरावा. एप्रिल १९१६ मध्यें डब्लिनला बंड झालें आणि त्याच महिन्याच्या अखेरीस बेळगांव येथें टिळकांच्या होमरूल लीगची घोषणा झाली. टिळकांनीं नांव आयर्लंडचें घेतलें, पण मार्ग सनदशीर ठेवला. लीगच्या कारभारांत खापर्डे होते, व वऱ्हाड हा तिचा एक विभाग होता. १९१७ च्या आरंभीं टिळकांनीं यवतमाळ व अकोला येथें भाषणें केलीं. त्या चळवळीनें वऱ्हाड जागें केलें, यांत संशय नाहीं. परंतु खंड, कर्ज व भाव यांसंबंधीं आयरिश लीगनें जशी नेमकी मागणी बांधली होती, तशी या लीगनें बांधली नाहीं.

शेतकऱ्यांचा प्रश्न पुढें येतो

आयर्लंडांत १९१९ ते १९२१ पर्यंत लढा झाला, १९२१ च्या डिसेंबरांत तह झाला, देशाचे दोन भाग पडले व १९२२-२३ मध्यें आयरिशांचें आयरिशांशींच युद्ध झालें. याच सुमारास, १९२० ते १९२६ पर्यंत, अमरावती जिल्ह्यांतील पापळचे पंजाबराव देशमुख शिक्षणासाठीं ब्रिटनमध्यें होते. परत आल्यावर १९२७ सालीं त्यांनीं शेतकरी संघ काढला. १९३० सालीं ते मध्यप्रांत-वऱ्हाडचे मंत्री झाले, व कर्जाची तडजोड घडवून आणणारा कायदा १९३३ सालीं झाला. त्याच १९३० सालीं अकोला जिल्ह्यांत दहीहंड्याच्या खाऱ्या विहिरींवर मिठाचा, आणि बापूजी अणे यांच्या पुढारीपणाखालीं पुसदकडे जंगलाचा सत्याग्रह झाला. राखीव रानांतील गवत हा प्रत्येक बैलजोडीवाल्याचा प्रश्न. म्हणूनच ती चळवळ खेड्यांत शिरली. एक वाट कौन्सिलांतून गेली, दुसरी तुरुंगांतून. त्या दोहोंत मतभेद तीव्र होते. तथापि दोहोंतहि शेतकऱ्याचें नांव घेतल्यावांचून आतां भागेना, हें महत्त्वाचें.

आम्हीं काय घ्यावें

पहिली गोष्ट, मागणी नेमकी असावी. लँड लीगच्या तीन मागण्या निरक्षर कुळासहि पाठ होत्या. साऱ्याची आकारणी, कर्जाचें व्याज, बाजार समितींतील जागा, यांतील कोणतीहि गोष्ट ‘शेतकऱ्याचें कल्याण’ या मोघम शब्दांत सांपडत नाहीं.

दुसरी गोष्ट, राज्य बदललें म्हणजे हप्ता सुटतो असें नाहीं. १९३२ सालीं डी व्हॅलेरा यांनीं जमीनखरेदीचे हप्ते इंग्लंडास देण्याचें बंद केलें. इंग्लंडनें आयरिश गुरांवर जबर जकात बसविली, व १९३८ सालीं एक कोट पौंड एकरकमी देऊन तंटा मिटेपर्यंत गुरें पाळणारा भरडला गेला. त्या काळांतहि अर्धा हप्ता स्वदेशी सरकार त्याच्याकडून घेतच होतें.

तिसरी गोष्ट, अशांततेंत शेतकऱ्याची संस्था आधीं जळते. सर होरेस प्लंकेट यांच्या प्रयत्नानें १८८९ पासून आयर्लंडांत सहकारी दूधसंस्था निघाल्या, व १८९४ सालीं त्यांची मध्यवर्ती संस्था झाली. १९२०-२१ मध्यें सरकारी दलांनीं यांतील अनेक दूधसंस्था जाळल्या. १९२३ च्या यादवींत प्लंकेट यांचें घर त्यांच्याच देशबांधवांनीं जाळलें. तरीहि सहकाराचें मूळ मेलें नाहीं, कारण तें सभासदांच्या हिशेबावर उभें होतें, पुढाऱ्याच्या भाषणावर नव्हे.

चौथी व आम्हां जमीनवाल्यांस जड जाणारी गोष्ट अशी. आम्ही सरकारपुढें रयत असलों, तरी आमच्यापैकीं पुष्कळांचें शेत बटईनें किंवा मक्त्यानें दुसरा माणूस वाहत असे. त्याला दरसाल बदलण्याची रीत आम्हांस गैर वाटत नव्हती. आयरिश जमीनदार करीत असे तेंच हें. अखेर १९५१ सालीं वऱ्हाडांतील शेतीच्या पट्ट्यांचा कायदा व १९५८ सालीं विदर्भाचा कूळकायदा होऊन कसणाऱ्यास संरक्षण मिळालें. जें आपण होऊन द्यावयाचें तें कायद्यानें द्यावें लागलें. जमीनदार असून कुळांचें पुढारीपण पत्करणारे पार्नेल आमच्यांत थोडे निघाले, हें कबूल केलें पाहिजे. वरच्याकडे न्याय मागणाऱ्यानें आपल्या बांधावर तो आधीं पाळावा. तसें झालें तरच त्याच्या मागणीच्या मागें सगळें गांव उभें राहतें.