चिडक्या आतड्यांना कोंडा नव्हे, इसबगोल

पोट साफ होत नाही म्हटले की, घरोघरी एकच सल्ला मिळतो : भरपूर कोंडा खा. साध्या बद्धकोष्ठात तो उपयोगी पडतोही. मात्र, ‘इरिटेबल बॉवेल सिंड्रोम’च्या बद्धकोष्ठप्रधान प्रकारात तो उलटू शकतो. या विकारात आतड्यांत जखम दिसत नाही; पण त्यांची हालचाल बिघडते आणि संवेदनशीलता वाढते. त्यामुळे थोडा वायू धरला तरी कळा येतात.

गव्हाच्या कोंड्यातील न विरघळणाऱ्या तंतूंमुळे पोटफुगी व वेदना वाढू शकतात. इसबगोलाचे विरघळणारे तंतू पाणी शोषून बुळबुळीत होतात, मल मऊ करतात आणि त्यांपासून वायूही कमी तयार होतो. ‘अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएन्टरॉलॉजी’ने २०२१ मध्ये अशा रुग्णांसाठी विरघळणाऱ्या तंतूंचीच शिफारस केली.

सुरुवात रोज एक चमचा इसबगोल पेलाभर पाण्यातून घेऊन करावी. प्रमाण काही आठवड्यांत हळूहळू वाढवावे. कोरडे इसबगोल कधीही गिळू नये. ते घशात अडकू शकते. शौचातून रक्त जाणे, वजन घटणे, रक्तक्षय किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेला त्रास यांपैकी काहीही असल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.