नऊ वर्षं, नऊ पॉइंट आणि एक एल्क

गौरी-गणपती विसर्जनानंतरची रात्र. लांजा तालुक्यातलं माझ्या मावशीचं गाव. काका बॅटरी आणि पत्र्याचा डबा घेऊन भाताच्या राखणीला निघाले होते. पडवीत त्यांचा मुलगा, म्हणजे माझा मावसभाऊ, लॅपटॉप उघडून बसला होता. दादा डेन्व्हरला असतो, आठ दिवसांसाठी आला होता. स्क्रीनवर भलीमोठी एक्सेल शीट. रांगेत वर्षं, उभ्या रकान्यांत राज्यांची नावं: कोलोराडो, वायोमिंग, नेवाडा, ॲरिझोना.

‘‘दादा, इन्व्हेस्टमेंटचं आहे का?’’

‘‘नाही ग. शिकारीचं.’’

मला वाटलं चेष्टा करतोय. आपल्याकडे शिकार म्हटलं की गुपचूप ऐकलेल्या गोष्टी आठवतात, नाहीतर पोलीस केस. हा माणूस मात्र २०४० पर्यंतची शिकार रंगीत चौकोनांत मांडून बसलेला. काका उंबऱ्यात थांबले, चष्मा वर करून स्क्रीन बघितली आणि म्हणाले, ‘‘म्हंजे एका जनावरासाठी तू नऊ वर्षं थांबलायस? आमच्याकडं डुकरं रोज रात्री येतायत, अर्ज न करता.’’

त्या रात्री दोन तास मी दादाला पिडलं. पुढे जे वाचाल ते त्यातून आणि नंतर माझ्या वाचनातून आलेलं आहे.

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांत शिकार कायदेशीर आहे, पण मनाला येईल तेव्हा बंदूक उचलून जंगलात जाता येत नाही. राज्याचं वन्यजीव खातं जंगलाचे भाग पाडतं. कोलोराडोत असे दीडशेहून जास्त भाग आहेत, त्यांना ‘युनिट’ म्हणतात. कुठल्या युनिटमध्ये किती जनावरं आहेत, त्यातले नर किती, मादी किती, किती कमी झाली तर कळप टिकेल, याचा अंदाज दरवर्षी घेतला जातो आणि तेवढेच परवाने काढले जातात. परवान्यासोबत एक टॅग मिळतो. जनावर मारलं की तो टॅग त्याला लावायचा. एक टॅग, एक जनावर, ठरलेलं युनिट, ठरलेल्या तारखा. मांस वाया घालवणं गुन्हा आणि विकणंही गुन्हा. दादाचा फ्रीझर नोव्हेंबरात भरतो आणि मित्रांमध्ये वाटे पडतात. (‘वाटे’ हा शब्द ऐकून काका पहिल्यांदा हसले.)

दादाचं लक्ष आहे एल्कवर. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ म्हणा. मोठा नर तीनशे किलोंहून जास्तही भरतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलोराडोत एल्क जवळजवळ संपलेच होते. वायोमिंगमधून आणून पुन्हा सोडावे लागले. आज तिथे अडीच लाखांहून जास्त आहेत. त्यासाठी लागलेल्या पैशातला मोठा वाटा शिकाऱ्यांच्याच खिशातून आला. परवान्याची फी आहेच, शिवाय १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा कर राज्यांच्या वन्यजीव कामाला जातो. मला हे वाचून जरा विचित्रच वाटलं. मारणाऱ्याच्या पैशातून वाढवायचं! पण आकडे तर समोर आहेत.

आता खरी गोम. चांगल्या युनिटमध्ये टॅग थोडे आणि अर्ज ढीगभर. मग ड्रॉ. आपल्याला ड्रॉ म्हटलं की म्हाडा आठवते. म्हाडाच्या सोडतीत दहा वेळा नाव आलं नाही म्हणून अकराव्यांदा तुमची चिठ्ठी जड होत नाही. दादाच्या एच-वन बी व्हिसाचंही तसंच होतं. ८५ हजार जागा, त्याच्या वेळी कॉम्प्युटरची सरळ लॉटरी, दोनदा हुकली, तिसऱ्यांदा लागली. आधी हुकल्याची भरपाई शून्य. शिकारीच्या ड्रॉमध्ये मात्र हुकण्याची किंमत मिळते. नाव आलं नाही की एक पॉइंट. पुढच्या वर्षी तो पॉइंट तुमच्या बाजूने उभा राहतो. दादा म्हणतो, ‘‘आयुष्यात एकदाच असं झालंय, की मी नापास झालो आणि मार्क वाढले.’’

पण प्रत्येक राज्याचं गणित वेगळं आणि इथेच एक्सेल शीट लागते. कोलोराडोत एल्कसाठी ‘प्रेफरन्स पॉइंट’, म्हणजे सरळ रांग. ज्याचे पॉइंट जास्त त्याला आधी. वायोमिंगमध्ये बाहेरच्या राज्यातल्यांचे ७५ टक्के टॅग रांगेने आणि २५ टक्के नशिबाने, त्यामुळे शून्य पॉइंटवालाही आशा ठेवू शकतो. नेवाडात रांग नाही, चिठ्ठ्या आहेत, पण पॉइंटचा वर्ग करून त्यात एक मिळवतात: पाच पॉइंटवाल्याच्या २६ चिठ्ठ्या, दहावाल्याच्या १०१. युटा अर्धे टॅग जास्त पॉइंटवाल्यांना देतं, अर्धे चिठ्ठ्यांनी. न्यू मेक्सिकोत पॉइंटच नाहीत, दरवर्षी पाटी कोरी. पण बाहेरून एकट्याने अर्ज करणाऱ्यांच्या वाट्याला जेमतेम ६ टक्के टॅग.

म्हणून दादाने तीन टोपल्या केल्यात. एक दरवर्षीची: जिथे टॅग सहज मिळतो, मग ती मादीची शिकार का असेना. दुसरी चार-पाच वर्षांनी एकदा येणारी. तिसरी आयुष्यात एकदाची, जसं की बिगहॉर्न मेंढा, जो मिळाला तर मिळाला. तिसऱ्या टोपलीत दरवर्षी थोडे पैसे टाकायचे आणि विसरून जायचं.

सगळ्यात भारी युक्ती मला कोलोराडोची वाटली. तिथे अर्जावर चार पसंत्या देता येतात. पॉइंट खर्च होतात ते फक्त पहिल्या पसंतीचा टॅग लागला तर. दुसऱ्या पसंतीत लागला तर पॉइंट तसेच राहतात. मग दादासारखे लोक पहिल्या पसंतीत ‘मला फक्त पॉइंट द्या’ असा कोड टाकतात आणि दुसऱ्या पसंतीत साधं, कमी मागणीचं युनिट. पॉइंटही वाढला, शिकारही झाली. आपल्याकडे प्रवेश प्रक्रियेत पसंतीक्रम भरताना अर्ध्या मुलांची झोप उडते (माझी उडाली होती), तिथे हा माणूस पसंतीक्रमावर नऊ वर्षं जगतोय.

आणि तारखा! कोलोराडोचा अर्ज एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी बंद होतो. वायोमिंगचा एल्कचा त्याआधी दोन महिने. वायोमिंगमध्ये लागोपाठ दोन वर्षं ना अर्ज केला ना पॉइंट घेतला, तर जमवलेलं सगळं शून्य. दादाच्या फोनमध्ये या तारखांचे अलार्म आहेत. मावशीच्या मते तिच्या वाढदिवसाचा नाही.

तुम्ही म्हणाल, मग दहा-बारा वर्षं थांबलं की झालं. तसं नाही. रांग पुढे सरकते, पण टार्गेट त्याहून जोरात पळतं. समजा एका युनिटमध्ये ५० टॅग आहेत आणि तुमच्याइतकेच पॉइंट असलेले ४०० लोक. या वर्षी ५० जणांना मिळाला. उरलेल्या ३५० जणांना एकेक पॉइंट वाढला आणि पुढच्या वर्षी ते सगळे पुन्हा तुमच्या शेजारी. याला तिकडे ‘पॉइंट क्रीप’ म्हणतात. कोलोराडोच्या वायव्य कोपऱ्यातलं युनिट २०१ घ्या. तिथल्या नर एल्कसाठी वीसहून जास्त पॉइंट लागतात. आज शून्यावरून सुरुवात करणाऱ्या बावीस वर्षांच्या मुलीने, म्हणजे माझ्यासारखीने, वीस वर्षांनी तिथे पोचावं, तर तोवर पाटी आणखी पुढे गेलेली असेल. वर नियमही बदलतात. कोलोराडोच्या पश्चिम भागात बाहेरच्यांना धनुष्यबाणाच्या शिकारीचे एल्क टॅग काउंटरवर मिळायचे, तिथे २०२५ पासून ड्रॉ आला. ज्यांनी त्या काउंटरच्या भरवशावर प्लॅन केला होता, त्यांची शीट एका निर्णयात कोरी.

दादाला हे कळायला पाच वर्षं लागली. सुरुवातीला त्याने डोळा ठेवला होता सगळ्यात गाजलेल्या युनिटवर, तिथे कधी पोचणार याचा हिशेब न करता. ‘‘रांगेत उभं राहिलं की आपण काहीतरी करतोय असं वाटतं,’’ तो म्हणाला. ‘‘प्रत्यक्षात मी दरवर्षी फी भरून नुसता उभा होतो.’’

शीटच्या शेवटी एक रकाना होता. त्यावर लिहिलं होतं ‘बाबा’. खाली वयं. ६८, ६९, ७०, ७१.

हे मी विचारलं नसतं तर त्याने सांगितलंही नसतं. त्याला काकांना एकदा सोबत न्यायचंय. शिकार करायला नाही, नुसतं बरोबर. काकांना हाकाऱ्याच्या जुन्या गोष्टी आजोबांकडून मिळालेल्या. त्यांनी स्वतः आयुष्यात कधी मोठं जनावर मारलेलं नाही. एल्कचा डोंगर आठ-नऊ हजार फुटांवर असतो, थंडी, चढ. काकांच्या गुडघ्यांचं गणित पॉइंटच्या उलट दिशेने चाललंय. नऊ पॉइंट हातात आहेत. गाजलेल्या युनिटला ते पुरत नाहीत, मधल्या एखाद्या शांत युनिटला पुरतात. ‘‘पुढच्या वर्षी खर्च करून टाकतो,’’ दादा म्हणाला. ‘‘परत शून्यापासून.’’

काका तोवर माळ्यावर पोचले होते. डब्याचा आवाज येत होता, ठण ठण ठण, मग शांतता, मग पुन्हा.

काकांनी वरकस जमिनीवरची नाचणी चार वर्षांपूर्वी सोडली. डुकरं एका रात्रीत नांगरल्यासारखं करून जातात. आता खालच्या मळ्यातलं भात तेवढं राहिलंय आणि ते पोटरीला आलं की महिना-दीड महिना रात्रीची राखण. एकट्याने. गावातली पोरं मुंबईला, आणि एक डेन्व्हरला.

मला प्रश्न पडला, आपल्याकडे असं काही का नाही? शोधल्यावर कळलं की होतं. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा त्यात शिकारीच्या परवान्यांची सोय होती, ‘बिग गेम’ आणि ‘स्मॉल गेम’ असे वेगवेगळे. १९९१ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली. जंगलं आणि जनावरं ज्या वेगाने संपत होती ते पाहता दुसरा मार्गही नव्हता. आज कलम ११ खाली, जनावर माणसाला किंवा उभ्या पिकाला धोकादायक ठरलं, तर वन खात्याचा अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. रानडुक्कर या सवलतीत येतं. पण ही शिकार नव्हे, तो उपाय. त्यात ना रांग, ना पॉइंट, ना वाटे. नुकसानभरपाईसाठी अर्ज आणि पंचनामा हा दुसरा रस्ता. काकांनी तो एकदा केला. दुसऱ्यांदा का नाही केला, तर म्हणाले, ‘‘पंचनाम्याला माणूस येईपर्यंत उरलेलंही खाऊन गेली.’’

इथे टॅग वाटावेत असं मी म्हणत नाही. तिकडे ड्रॉ उभा आहे तो मोजणीवर. किती आहेत हे ठाऊक असल्याशिवाय किती द्यायचे हे ठरत नाही. आमच्या गावाच्या रानात डुकरं किती, हे आज कुणीच सांगू शकणार नाही. काका मात्र सांगतात, ‘‘अकरा. त्यात दोन लहान.’’ रोज बघतात ना.

पहाटे ते परत आले. पाय चिखलाने भरलेले. चहा घेताना दादाने विषय काढला: पुढच्या वर्षी ऑक्टोबरात या, व्हिसाचं मी बघतो, तिकिटाचं मी बघतो, तुम्ही फक्त चालायचं.

काकांनी बशीत चहा ओतला. ‘‘ऑक्टोबरात गरवं भात उभं असतं.’’

‘‘बाबा, एक वर्ष राखण नाही केली तर?’’

काका काही बोलले नाहीत. मावशी आतून म्हणाली, ‘‘मी करीन.’’ त्यावर दोघेही तिच्याकडे बघायला लागले.

‘‘तू डबा वाजवणार रात्रभर?’’ काका.

‘‘इतकी वर्षं कोण झोपलं होतं?’’

दादाने लॅपटॉप पुन्हा उघडला. कोलोराडोत बंदुकीचे हंगाम चार असतात. पहिला ऑक्टोबरच्या मध्यात, तिसरा नोव्हेंबरात. नोव्हेंबरात भात कापून झालेलं असतं, पण तिकडे बर्फ पडलेला असतो. त्याने एका चौकोनाचा रंग बदलला आणि स्क्रीन काकांकडे वळवली.

काकांनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. मग विचारलं, ‘‘थंडी किती असते?’’